भुरा बोका रात्री घरात शिरते, मनीला कसं सांभाळू?

मागच्या अंकात शेळ्यांच्या खुरांबद्दल लिहिलं होतं, वाटलं होतं या महिन्यातही गाई-शेळ्यांचेच प्रश्न येतील. पण कापूस घरात येऊन पडला की उंदीर वाढतात आणि उंदीर वाढले की घरोघरी मांजर आठवते, त्यामुळं असेल, यावेळी पत्रात अन् व्हॉट्सॲपवर मांजरांचेच प्रश्न जास्त निघाले, आणि त्यातले बहुतेक एकाच गोष्टीचे की बाहेरचा बोका येतो आणि घरच्या मांजरीला मारतो. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून तीसेक वर्षं गावोगाव फिरलो, डॉक्टर नाही, म्हणून जिथं डॉक्टरकडंच जायला पाहिजे तिथं तसं स्पष्ट लिहिलंय. नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही वरुड तालुक्यात रायतो, घर वावराले लागूनच हाय, मांगं संत्र्याची बाग. माह्याजवळ मनी नावाची मांजर हाय, दोन वर्षाची, लय गरीब. शेजारच्या काकूकडं एक भुरा बोका हाय, एवढं मोठं डोकं त्याचं, थो रोज रात्री टिनाच्या फटीतून घरात येते, मनीचा दूधभात खाऊन जाते अन् तिले लोळवून लोळवून मारते. तुरीच्या पोत्यावर मुतून जाते, त्याचा वास घरभर. परवापासून मनीचा मागचा पाय सुजला, जेवत नाही, पलंगाखाली जाऊन बसली. सासूबाई म्हणतात हळद-तेल लाव, होते बरं. काकूले सांगाले गेली तर त्या म्हणे मी काय मांजर बांधून ठेवू का? त्यायच्यासंगं रोजचं येणंजाणं हाय, भांडण नाही पाहिजे. काय करू सांगा.
— एक ताई, वरुड तालुका

उत्तर : ताई, बोक्याचं नंतर पाहू, आधी मनीला पलंगाखालून काढा आणि उजेडात घेऊन बसा. सुजलेल्या जागेवरचे केस बोटानं उलटे करून पाहा, तुम्हाला तिथं तिळाएवढी एक खपली दिसेल, कधी शेजारी शेजारी दोन. मांजराचा सुळा सुईसारखा असतो, आत जातो आणि बाहेर येतो, कातडीवरचं भोक दिवसभरात बुजतं आणि आपल्याला वाटतं काही लागलंच नाही, पण सुळ्यासोबत तोंडातले जंतू खोल मांसात गेलेले असतात आणि वरून झाकण बसलेलं, मग दोन ते पाच दिवसांत आत पू होतो, जागा गरम लागते, मांजरीला ताप येतो आणि ती अंधारात जाऊन बसते. तुम्ही लिहिलंय ते सगळं तसंच आहे. पळणाऱ्या मांजरीला चावा मागून बसतो, शेपटीच्या बुडाशी नाहीतर मागच्या पायाला, आणि समोर उभी राहून लढली तर तोंडाला आणि पुढच्या पायांना. तुमची मनी पळत होती.

हे हळदीनं बरं होणार नाही. हळद-तेलाचा थर वरून बसला तर ते भोक आणखी बंद होतं आणि पू आतच राहतो. दाबून पिळू पण नका, पू आतल्या आत पसरतो. डॉक्टर ती जागा उघडून धुतात, अँटिबायोटिक देतात, आणि बहुतेक मांजरी दोन-तीन दिवसांत जेवायला लागतात. आजच न्या, उद्यावर टाकू नका, कारण मांजर दोन दिवस उपाशी राहिली की तिच्या लिव्हरवर येतं. न्यायला गाडी मिळेपर्यंत किंवा गळू आपोआप फुटलं असेल तर अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ टाकून स्वच्छ फडक्यानं पुसत राहा, एवढंच. डेटॉल नको, फिनाईल तर नकोच, मांजर अंग चाटते आणि ते सगळं पोटात जातं.

अजून एक गोष्ट मी प्रत्येक वेळी लिहितो आणि लिहीतच राहणार. मांजरीला पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही, चिमूटभर पण नाही. माणसाचं शरीर ते औषध पचवून बाहेर टाकतं, मांजराच्या शरीरात ती सोयच फार कमी, तिचं रक्त खराब होतं, हिरड्या चॉकलेटी-निळ्या पडतात, तोंड सुजतं आणि श्वास लागतो. आमच्या घरी चंदी नावाची पांढरी मांजर होती, मी दौऱ्यावर होतो, तिला असाच चावा होऊन ताप आला आणि घरातल्या कोणीतरी मायेनंच तापाची अर्धी गोळी दुधात कुस्करून दिली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी आलो तर ती न्हाणीच्या गार फरशीवर तोंड उघडं ठेवून पडलेली होती. तिला मी वाचवू शकलो नाही, आणि गोळी देणाऱ्याला बोलूही शकलो नाही कारण त्याला माहीतच नव्हतं. तसंच बैलांवर मारायचं गोचिडाचं औषध, ते पण मांजरीच्या अंगावर लावू नका, त्यातले सायपरमेथ्रिन, परमेथ्रिनसारखे घटक मांजरीला झटके आणतात.

आता बोका. तो तुमच्या घरात मनीसाठी कमी आणि दूधभातासाठी जास्त येतो असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. रात्रभर वाटी भरलेली ठेवणं बंद करा. सकाळी एकदा आणि दिवस मावळायच्या आधी एकदा खायला द्या, वीस मिनिटं थांबा, उरलेलं उचला, दुधाचा गंज झाकून वर शिंक्यात नाहीतर जाळीच्या कपाटात. मांगच्या सांदवाडीत खरकटं टाकत असाल तर तेही बंद, कारण बोका पहिले तिथं येतो आणि मग घराकडं पाहतो. मोठ्या मांजरीला तसंही दूध फारसं पचत नाही, भाकर-भातात थोडं अंडं, मासा, कोंबडीचं उकडलेलं मांस कालवलं तर ते तिच्या कामाचं.

मांजरांच्या मारामाऱ्या जास्त होतात त्या संध्याकाळी दिवेलागणीला, रात्री आणि पहाटे उजाडायच्या आधी, कारण ती त्यांची फिरायची वेळ. म्हणून संध्याकाळचं खाणं घराच्या आत द्या, मनी खायला आत आली की दार लावून घ्या, आठ दिवसांत तिला सवय लागते आणि ती स्वतःच त्या वेळी येऊन बसते. आत एका कोपऱ्यात टोपल्यात वाळू ठेवा, रोज काढून टाका, म्हणजे रात्री बाहेर जायचं कारणच राहत नाही. टिनाची फट तर आजच बंद करा. नुसती पोत्यानं बोळा कोंबून उपयोग नाही, बोका ते ओढून काढतो, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतो ती बारीक तारेची जाळी घ्या आणि आडव्या लाकडाला खिळ्यांनी ठोका. कवेलूचं घर असेल तर आढ्याजवळ सरकलेली कवेलं पाहा, बोका नेहमी एकाच वाटेनं येतो, दोन दिवस सकाळी धुळीतले पाय पाहिले तर वाट कळते. मनीला उंचावर एक जागा करून द्या, भिंतीला फळी ठोकून त्यावर तिचं जुनं पोतं अंथरा, जमिनीवर कोंडलेली मांजर मार खाते आणि उंचावर बसलेली मांजर बऱ्याचदा मार खात नाही, बोक्याला खालून वर यावं लागतं आणि तो तेवढं धाडस करत नाही.

पोत्यावरचं मुतणं हे मुतणं नाही, निशाणी आहे. धुऱ्यावर दगड रोवतात तशी. ही जागा माझी, एवढं तो सांगतो, आणि वास राहिला तोवर पुन्हा पुन्हा तिथंच येतो. पोतं बदला, जमीन कपड्याच्या साबणानं धुवा, मग व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं पुसा, सुकल्यावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर राहू द्या आणि कडक उन्हात वाळवा. फिनाईलनं वास दबल्यासारखा आपल्याला वाटतो, मांजरीच्या नाकाला तो येतोच.

हे सगळं केलं तरी बोका बाहेर फिरत राहणारच आणि मनी दिवसा अंगणात जाणारच, म्हणून खरं काम आहे नसबंदीचं, दोघांच्याही. आपल्या गावात हे समजावून सांगायला काही अवघड नाही. गोऱ्हा असतो तेव्हा तो कुंपण तोडतो, शिंगं मारतो, गाईंच्या मागं चार गावं फिरतो, आणि खच्ची केल्यावर तोच गोऱ्हा बैल होऊन लहान पोट्ट्याच्या हातात कासरा दिला तरी चालतो. बोक्याचंही तेच आहे. त्याचं मोठं डोकं, फुगलेले गाल, रात्रीची ओरड, मुतून ठेवणं, मारामारी, गाव हिंडणं, सगळं एकाच गोष्टीतून येतं. ऑपरेशन झालं की बहुतेक बोक्यांची ही सवय कमी होते. लगेच दुसऱ्या दिवशी नाही होत, रक्तातला जोर उतरायला महिना-दीड महिना लागतो, तोवर तो पिल्लं पण करू शकतो, तेव्हा तेवढा धीर धरा. पण एक सांगतो, गोऱ्ह्याला लावतात तो चिमटा बोक्याला लावायचं कोणी सुचवलं तर हात जोडून नाही म्हणा. मांजराचं काम भूल देऊनच, डॉक्टरनंच करायचं.

मनीचं पण करून घ्या, ती बरी झाली की. माजावर आलेली मांजर जमिनीवर लोळते, मागचा भाग वर करते, रात्रभर वेगळ्याच आवाजात ओरडते आणि तो आवाज अन् वास लांबपर्यंत जातो, मग एक नाही, तीन-चार बोके येतात आणि मारामारी तुमच्या अंगणात होते. माज आठवडाभर राहतो आणि बोका लागला नाही तर दोन-तीन आठवड्यांत परत येतो. आपल्याकडं तसं वर्षभर चालतं पण संक्रांतीनंतर दिवस मोठा व्हायला लागला की जास्त, म्हणून आता जानेवारीतच उरकून घ्या. मादी पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की गाभण राहू शकतं, त्यामुळं एक वेत होऊ द्यावं लागतं वगैरे जे बोलतात त्यात काही अर्थ नाही.

काकूंकडं जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, निरोप घेऊन जा. म्हणा, काकू मी मनीला ऑपरेशनला नेऊन रायली, गाडी तर करावीच लागते, तुमच्या भुऱ्यालाही घेऊन जाऊ का, त्याच्या कानाला पाहा किती जखमा आहेत, एखाद्या दिवशी मोठ्या बोक्याच्या हातून मरेल. हे खोटं नाही, फिरणारा बोका मारतो तसा मार खातोही, आणि चाव्यातून मांजरांचा एक विषाणू एकमेकांत जातो, एफआयव्ही म्हणतात, तो माणसाला लागत नाही पण मांजराची ताकद हळूहळू कमी करतो. काकूंना त्यांचा बोका प्रिय असणारच, तुम्हाला मनी आहे तसा. त्याच्या भल्याचं बोललात तर त्या ऐकतील असं मला मनापासून वाटतं.

न्यायला पिंजरा नसेल तर तुमच्याकडं संत्र्याचे प्लास्टिकचे क्रेट असतीलच. दोन क्रेट तोंडाला तोंड लावून ठेवा, खालच्यात गोणपाट अंथरा, एका बाजूनं सुतळीनं आधीच बांधून बिजागरीसारखं करा, मांजर आत बसवली की बाकीच्या तीन बाजू करकचून बांधा, हवा पण येते आणि पंजा पण बाहेर येत नाही. पोत्यात घालून नेऊ नका, गुदमरते आणि वर घाबरून पुढच्या वेळी हाताला येत नाही. दोघांचे क्रेट वेगळे, मध्ये चादर टाका म्हणजे एकमेकांना दिसणार नाहीत. मोठ्या मांजरीला आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं नाही, पाणी चालतं, नेमकी वेळ डॉक्टरला फोनवर विचारा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरीचं ऑपरेशन होतं का ते आधी विचारून घ्या, सगळीकडं होत नाही. नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1958 पासूनचं, अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, आणि सरकारच्या फिरत्या पथकाचा 1962 हा टोल फ्री नंबर आहे, तिथं विचारून पाहा. त्याच फेरीत दोघांना रेबीजची आणि मांजरांच्या आजारांची लस पण टोचून घ्या.

प्रश्न : दादा, आमच्या गल्लीत एक काळा बोका हाय, कोणाचाच नाही. माह्या दोन मांजरींचे कान फाडले त्यानं. मित्र म्हणते बोरीत भर अन् वीस किलोमीटरवर बाजाराच्या गावी सोडून दे. दुसरा म्हणते उंदराचं काळं औषध दुधात टाक, एका रात्रीत काम होते. मले पटत नाही पण आता वैतागलो. काय करू?
— एक युवक, दारव्हा तालुका

उत्तर : दादा, तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे, आणि तुम्ही विचारलंत याचं मला बरं वाटलं, नाहीतर लोक करून टाकतात आणि मग विचारतात.

काळं औषध म्हणजे झिंक फॉस्फाईड, ते पोटात गेलं की त्याचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. दुधाची वाटी रात्री अंगणात ठेवली तर ती कोण पिईल हे तुम्ही ठरवू शकत नाही, तुमच्या दोन मांजरी पहिल्या पितील, शेजारच्याचं कुत्रं पिईल, आणि सकाळी रांगतं लेकरू त्या वाटीपाशी जाईल. मेलेलं जनावर घुबडानं, कुत्र्यानं खाल्लं तर तेही जाऊ शकतं, आणि घुबड एकटं आपल्या वावरातले किती उंदीर खातं ते शेतकऱ्याला सांगायला नको. आणि हा गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये जनावर मारणं, विष घालणं, लुळं करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे, आणि 1960 चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा वेगळा. बोका कोणाचा नसला तरी.

सोडून देण्यानं पण काम होत नाही. एकतर मांजर वाट काढत परत येते, नाही आली तर नव्या गावात तिथले बोके तिला फाडतात किंवा ती उपाशी मरते, आणि तुमची गल्ली रिकामी झाली की महिनाभरात दुसरा बोका येऊन बसतो, कारण खायला मिळतं ती जागा रिकामी राहत नाही. हा काळा ऑपरेशन होऊन त्याच गल्लीत राहिला तर तो नव्याला सहज आत येऊ देणार नाही आणि तुमच्या मांजरींच्या मागं लागणंही बहुतेक कमी होईल.

पकडायचा कसा, तर त्याला रोज एकाच वेळी एकाच जागी खायला द्या, तुमच्या मांजरींपासून लांब, गोठ्यामागं म्हणा. मोठा तारेचा पिंजरा मिळाला तर आठ दिवस दार उघडं बांधून ठेवून त्यातच खायला ठेवा, तो निर्धास्त आत जायला लागला की नवव्या दिवशी दार पडू द्या, लगेच चादर टाका, अंधार झाला की शांत होतो. हातानं पकडायला जाऊ नका. गल्लीतल्या चार घरांनी थोडे थोडे पैसे काढले तर खर्च कोणा एकावर येत नाही, त्यानं कान तर सगळ्यांच्याच मांजरींचे फाडले असतील. डॉक्टरला सांगून भूल असतानाच डाव्या कानाचं टोक थोडं कापून घ्या, नसबंदी झालेल्या मोकाट मांजरीची ती खूण असते, मग कोणी त्याला दुसऱ्यांदा पकडत नाही.

प्रश्न : काका मी नववीत आहे. आमच्या चिमीला कापसाच्या ढिगात चार पिल्लं झाली होती. मी शाळेत गेली तेव्हा एका मोठ्या बोक्यानं तीन पिल्लं मारली. एकच राहिलं. मला खूप रडू आलं. बोका असं काहून करते? राहिलेलं पिल्लू मी कसं वाचवू? आई म्हणते मांजर सात घरं पिल्लं फिरवते, तिला फिरवू दे.
— मेहकर तालुक्यातली एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. यात तुझी काही चूक नाही, तू शाळेत जायलाच पाहिजे होतं.

बाहेरचा बोका कधी कधी पिल्लं मारतो, कारण पिल्लं गेली की मांजर लवकर माजावर येते आणि मग त्याची पिल्लं होतात. तो रागानं किंवा दुष्टपणानं करत नाही, रानातल्या सिंहांमध्येही नवा नर असंच करतो. हे समजलं म्हणून तुझं दुःख कमी होणार नाही, पण तू विचारलंस म्हणून खरं ते सांगितलं.

आईचं म्हणणं बरोबर आहे, चिमी पिल्लू हलवते ते त्याला लपवायलाच हलवते. पण आता एकच राहिलंय आणि बोक्याला जागा माहीत झालीय, म्हणून या वेळी जागा तू निवडून दे. दार नीट लागेल अशी खोली पाहा, खिडकीला जाळी पाहिजे. लाकडी पेटी किंवा खोका आडवा ठेव, आत आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा अंथर, अंधार राहू दे. पिल्लू उचलायच्या आधी तुझे हात चिमीच्या अंगावरून फिरव म्हणजे तिचाच वास लागेल, आणि चिमी पाहत असतानाच उचलून तिथं ठेव, तिला लगेच तिथंच खायला दे. एखादी मांजर तरी पिल्लू परत जुन्या जागी नेते, तसं झालं तर रागावू नको, ढिगाकडची वाट बंद कर आणि पुन्हा आणून ठेव. कोंबड्या झाकायचं डालगं पिल्लावर पालथं घालू नको, चिमीला आत जाता येणार नाही आणि बोका ते ढकलून देतो. दिवसभर दार लावलेलं असेल तर आत पाणी, खाणं आणि राखेचं टोपलं ठेवायला घरच्यांना सांगून जा. थंडी आहे, एकटं पिल्लू लवकर गार पडतं, भावंडांची ऊब त्याला नाही, म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या एका बाजूला ठेव, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल.

डोळे सात ते दहा दिवसांत उघडतात. दोन महिने होईपर्यंत त्याला आईजवळून कोणाला देऊ नका, आणि तोवर बाहेरच्या अंगणात एकटं सोडू नको. चिमी पाजत असतानाच परत माजावर येऊ शकते, म्हणून तिला पण आतच ठेव आणि पिल्लू सुटं झालं की बाबांना म्हण ऑपरेशनला नेऊ. मग हे सगळं पुन्हा तुला पाहावं लागणार नाही. पिल्लाचं नाव ठेवलंस की मला कळव.

प्रश्न : दोन मांजरांची मारामारी सोडवताना बोका माह्या हाताला चावला, रक्त आलं. मिरची पूड भरून बांधलं. तीन दिवस झाले, हात सुजला. दवाखान्यात जाऊ का?
— आर्वी तालुका

उत्तर : यांना मी पत्र आलं त्याच दिवशी फोन केला आणि ते गेले, पण सगळ्यांसाठी लिहितो. मांजर चावली, रक्त आलं, की पहिलं काम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुणं, घड्याळ लावून पंधरा. मिरची, चुना, तेल, तंबाखू काहीच भरायचं नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना, रेबीज कुत्र्यामुळं जास्त होतो पण मांजरीमुळंही होतो, आणि लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही. सरकारी दवाखान्यात लस फुकट आहे, कातडीत देतात ती पहिल्या दिवशी म्हणजे 0 दिवशी, मग 3, 7 आणि 28 व्या दिवशी, एकही चुकवायची नाही, रक्त आलेलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्ध लगेच काम करणारं इंजेक्शन, ते पण देतात, ते मागून घ्या. बोका दहा दिवस जिवंत आणि धडधाकट दिसला तर डॉक्टरला सांगा, पण ते पाहायला म्हणून लस थांबवू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन पण विचारा. आणि हात सुजला, लाल रेषा वर चढायला लागली तर रात्र असली तरी निघा.

मारामारीत हात कधीच घालायचा नाही. ताटली वाजवा, पाणी फेका, दोघांच्या मध्ये सूप नाहीतर पुठ्ठा सरकवा. सुटल्यावर आपल्या मांजरीला लगेच उचलू पण नका, ती अजून तापलेली असते आणि समोर कोण आहे ते तिला कळत नाही, मग मालकालाच ओरबाडते. अंधाऱ्या खोलीत दोन-चार तास एकटी राहू द्या, स्वतः येऊन पायाला अंग घासायला लागली की जखमा पाहा.

प्रश्न : आमच्या दोन बहिणी-बहिणी मांजरी, एकत्र झोपायच्या. एकीचं ऑपरेशन करून आणलं तर दुसरी तिच्यावर फुसकारते, मारायला धावते. असं काहून?
— दिग्रस

उत्तर : दवाखान्याचा वास. मांजर ओळख नाकानं पटवते आणि बहीण घरी आली ती स्पिरिटचा, औषधाचा, दुसऱ्या जनावरांचा वास घेऊन. दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, एकच फडकं आधी घरच्या मांजरीच्या गालावरून आणि मग ऑपरेशनवालीच्या पाठीवरून फिरवा, टाक्यांना न लावता, दिवसातून तीन-चार वेळा, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघींना खायला ठेवा. आठवड्यात जमतं बहुतेक. पुढच्या वेळी दोघींना एकदमच न्या.

प्रश्न : संत्र्याची सालं टाकली की बोका येत नाही म्हणतात, खरं का?
— काटोल तालुका

उत्तर : थोडं खरं. बऱ्याच मांजरींना तो वास आवडत नाही, पण साल सुकली की वास गेला, त्यामुळं एक-दोन दिवसाआड ताजी टाकावी लागतात, आणि भुकेल्या किंवा माजाच्या मागं लागलेल्या बोक्याला ती थांबवत नाहीत. आंबिया बहाराची सालं सध्या फुकटच पडलेली असतात तर उंबऱ्याजवळ टाकायला हरकत नाही, जाळी मारणं मात्र त्यामुळं टाळू नका. डांबर गोळ्या टाकू नका, मांजरीला विष आहेत, लहान पोरांनाही.

प्रश्न : आम्ही सेलू तालुक्यात, बोर प्रकल्पाच्या बाजूला. रात्री एक मोठा बोका येते, मातकट रंगाचा, पाय लांब, शेपटी आखूड. दोन कोंबड्या नेल्या अन् आमच्या मांजरीच्या मागं लागला. गावातला वाटत नाही. पकडू का?
— एक शेतकरी

उत्तर : पकडू नका, तुम्ही लिहिलंय त्यावरून ते रानमांजर दिसतं. अंगावर पट्टे नाहीत, लांब पाय, आखूड शेपटीच्या टोकाकडं काळी कडी आणि कानाच्या टोकाला काळे केस, एवढं जुळत असेल तर नक्कीच. तुरीच्या वावरात, नाल्याच्या गवतात ते राहतं, उंदरांवर जगतं, कोंबडी उघडी दिसली तर नेतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. खुराडं रात्री बंद, खालून पण जाळी, आणि मांजर दिवस मावळायच्या आत घरात, तुमच्या भागात तर बिबट्यासाठीही तेच करायचं आहे. घरात किंवा गोठ्यात अडकून बसलं तर दार लांबून उघडं करून बाजूला व्हा आणि वनविभागाच्या 1926 नंबरला फोन करा.